कोयत्याचे वय आणि माणसाचे वय

(वर्षावासात बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार उपासक-उपासिकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



हे वर्षावासाचे दिवस आहेत. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत भिक्खुसंघ एका ठिकाणी निवास करतो. आपल्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणारी कुटुंबेही नेमकी ह्याच दिवसांत आपल्या घरी असतात. दसरा उलटला की मुकादमाचे ट्रक आणि ट्रॅक्टर गावात येऊन उभे राहतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीस, परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूर येथे लाखोंना धम्माची दीक्षा दिली. त्या दिवसाच्या पुढेमागेच पाटोदा, शिरूर, केज, धारूर, वडवणी येथील आमची माणसे भांडीकुंडी आणि लेकरे गाडीत घालून उसाच्या फडाकडे निघतात. एक वाट दीक्षाभूमीकडे जाते, दुसरी फडाकडे. आपण ह्या दोन्ही वाटांचे प्रवासी आहात. म्हणूनच आज मी आपणापुढे पंचशीलाची व्याख्या करीत बसणार नाही. मी आपणास एकच प्रश्न विचारणार आहे. माणसाचे शरीर किती वर्षे काम देऊ शकते, आणि ते काम देईनासे झाले म्हणजे त्या माणसाचे व त्याच्या लेकरांचे काय होते?

प्रथम ह्या कामाचे स्वरूप पाहू. उसाच्या बुडख्यात साखर अधिक असते, म्हणून कारखान्यास ऊस अगदी जमिनीलगत तोडलेला लागतो. जमिनीलगत तोडावयाचा म्हणजे कंबरेतून पूर्ण वाकावे लागते. हे वाकणे पहाटेच्या अंधारात सुरू होते. पुरुष तोडतो, स्त्री पाला साळते, वाढे छाटते, मोळी बांधते. मग ती मोळी डोक्यावर घेऊन, अरुंद फळीवर पाय ठेवीत, गाडीवर चढावयाचे. गाडी मध्यरात्री आली तर मध्यरात्री भरावयाची. एक जोडी दिवसाला दोन टन ऊस तोडते असे धरा, आणि मोळी तीस किलोची धरा. दोन टनांच्या सहासष्ट मोळ्या होतात. हंगाम दीडशे दिवसांचा धरला, तर तीनशे टन ऊस, म्हणजे दहा हजार मोळ्या. असे वीस हंगाम एका जोडीने केले, म्हणजे दोन लक्ष मोळ्या त्या दोन डोक्यांवरून गेल्या. कोयत्यास धार लावता येते. तो झिजला तर बाजारातून दुसरा आणता येतो. कंबरेचा मणका आणि गुडघ्याची वाटी ह्यांस धार लावणारा कोणी नाही.

आता ह्याच साखरेशी संबंध असलेल्या दुसऱ्या माणसांकडे पाहा. महाराष्ट्र शासनाचा कारकून ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, चतुर्थ श्रेणीचा कर्मचारी ६० व्या वर्षी. कारखान्याच्या आत, यंत्राजवळ उभा राहणारा कायम कामगार भविष्य निर्वाह निधीचा सभासद असतो. दहा वर्षे सेवा भरली तर १९९५ च्या योजनेप्रमाणे ५८ व्या वर्षी त्यास निवृत्तिवेतनाचा हक्क प्राप्त होतो. हे हक्क त्यांना लढून मिळाले आहेत, त्यांचा हेवा करण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्या हातून तो ऊस त्या यंत्रापर्यंत पोहोचला, त्याच्या नावाने किती वर्षांची सेवा कोठे लिहिली आहे? काट्यावरील पावतीवर शेतकऱ्याचे नाव असते, वाहनाचा क्रमांक असतो. तोडणाऱ्या जोडीचे नाव नसते. कारखाना म्हणतो, हा माझा कामगार नव्हे, मुकादमाचा आहे. मुकादम म्हणतो, मी केवळ मध्यस्थ आहे. अशा रीतीने लाखो माणसे दरवर्षी सहा महिने काम करतात आणि मालक मात्र कोणीच ठरत नाही.

सरकारी योजना नाहीत असे नाही. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन आहे. त्यास वयाची अट ६५ वर्षांची आहे. असंघटित कामगारांसाठी केंद्र सरकारने २०१९ साली श्रमयोगी मानधन योजना आणली. तीत दरमहा तीन हजार रुपये ६० व्या वर्षापासून मिळावयाचे आहेत. ह्या दोन्ही योजना जन्मतारखेकडे पाहतात, पाठीकडे पाहत नाहीत. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याचे साठ आणि मोळी वाहणाऱ्याचे साठ हे एकच वय आहे काय? जो चौदाव्या वर्षी फडात उतरला, त्याची पंचेचाळिशी येते तेव्हा त्याने तीस वर्षे काम केलेले असते. तितकी सेवा भरण्यास कारकुनास पन्नाशी गाठावी लागते. पंचेचाळिशीत मुकादम पूर्ण उचल देताना हात आखडतो, कारण तो माणसाचे शरीर पाहून उचल देतो. बैलाचे दात पाहून किंमत ठरवावी तसा हा प्रकार आहे. म्हणजे हंगामाने ह्या माणसास निवृत्त केले, परंतु शासनाच्या लेखी तो अजून वीस वर्षे धडधाकट आहे! मधली ही वीस वर्षे त्याने कशावर काढावी?

बंधु-भगिनींनो, ही मधली वर्षे कोण भरून काढतो, ते आपण सर्व जाणता. फक्त बोलत नाही. ती वर्षे मुलगा भरून काढतो, मुलगी भरून काढते. बाप थकतो, पण घेतलेली उचल थकत नाही. मागील हंगामाची बाकी पुढील हंगामाच्या उचलीत मिळते, आणि ती फेडावयास घरातील कोवळे हात पुढे केले जातात. मुकादमाकडे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. म्हणून सोळा-सतरा वर्षांच्या पोराचे लग्न लावून पूर्ण कोयता तयार करण्याची घाई होते. मुलगी घरी एकटी ठेवावयाची कशी, ही आईबापांची भीतीही त्यास जोडली जाते, आणि ती भीती खोटी नाही. परंतु परिणाम काय होतो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ च्या पाहणीत, बीड जिल्ह्यात वीस ते चोवीस वर्षांच्या दर शंभर स्त्रियांपैकी चाळिसांहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षांपूर्वीच झालेले आढळले. तात्पर्य, बापाचे कामाचे आयुष्य जेथे तुटते, तेथे मुलाचे बालपण तोडून त्याला ठिगळ लावले जाते. म्हाताऱ्या मजुराची तरतूद हा केवळ म्हाताऱ्यांचा प्रश्न नव्हे. तो शाळेतील मुलाचा प्रश्न आहे.

हे चित्र आपणास नवे वाटते काय? आपल्या आजोबा-पणजोबांचे वतन आठवा. वतनाच्या चाकरीस वेळेची मर्यादा नव्हती, कामाची मर्यादा नव्हती आणि वयाचीही नव्हती. बाप थकला की पोराने त्याची काठी घ्यावयाची. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक आणले. आपल्याच माणसांना ते वतन सोडावयास सांगत राहिले. पुढे १९५८ साली मुंबई राज्यात कनिष्ठ गाव वतने नष्ट करणारा कायदा झाला. वतन गेले, परंतु जे काम बापाच्या कर्जाबरोबर मुलाच्या वाट्यास येते, त्यास दुसरे काय म्हणावे? मातंग बंधूंच्या घरातील दोरखंड आणि केरसुणी, पोतराजाचा कोरडा, हे सारे असेच वंशपरंपरेने चालत आले. १९७२ च्या दुष्काळानंतर बालाघाटाच्या ह्या कोरड्या डोंगरपट्ट्यातील माणसांचे लोंढे पश्चिम महाराष्ट्राच्या साखरपट्ट्याकडे वाढत्या प्रमाणात वळले. दीक्षा घेऊन आपण जुने वतन टाकले आहे. कोयत्याचे नवे वतन होऊ द्यावयाचे नाही, हाही दीक्षेचाच भाग आहे.

भगिनींनो, आता मी जे बोलणार आहे ते विशेषतः आपल्यासाठी आहे. पुरुषांनीही ते खाली मान न घालता ऐकावे. फडात आडोसा नाही, न्हाणीघर नाही, पाणी पुरेसे नाही. पाळीच्या दिवसांतही मोळी उचलावीच लागते. एक दिवस खाडा झाला तर त्या दिवसाची मजुरी बुडते आणि वर दंड बसतो. अंगावरून जाणे, पोटात दुखणे सुरू होते, आणि कोणीतरी सांगतो की पिशवी काढून टाका, म्हणजे कटकट मिटेल. महाराष्ट्र शासनाने २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे सहा स्त्रियांमागे एक. उभ्या देशात पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरास तीनच्या आसपास आहे.

काही वेळा ही शस्त्रक्रिया खरोखरच आवश्यक असते, हे मी नाकारीत नाही. परंतु पुष्कळसे आजार औषधाने बरे होणारे असतात. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली, तर तिशीतील स्त्रीच्या देहात पन्नाशीनंतरची अवस्था येते. हाडे ठिसूळ होतात, सांधे दुखतात, अंगाची आग होते. जी शस्त्रक्रिया कामात खंड पडू नये म्हणून केली, तीच कामाचे आयुष्य दहा-पंधरा वर्षांनी तोडते. म्हणून एका डॉक्टराच्या शब्दावर पिशवी काढावयाची नाही. सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्यावयाचे. २०१९ नंतर बीड जिल्ह्यात खाजगी रुग्णालयांस अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम घालण्यात आला. ही परवानगी कोठे आहे, असे विचारण्याचा आपणास अधिकार आहे.

कोणी म्हणेल, हे मागल्या जन्मीचे भोग आहेत. ज्याने दीक्षा घेतली त्याच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही. तथागतांनी जरा आणि व्याधी ह्यांस दुःख म्हटले. त्याचबरोबर दुःखास कारण असते आणि ते कारण दूर करता येते, असेही सांगितले. साठीची जरा निसर्गाची आहे. चाळिशीची जरा माणसांनी केलेल्या व्यवस्थेची आहे. पहिली चुकविता येत नाही. दुसरी चुकविता येते.

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाची कर्तव्ये सांगितली आहेत. तेथे मालकाची सेवकांप्रती पाच कर्तव्ये आहेत. काम त्याच्या शक्तीनुसार द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, चांगलेचुंगले वाटून खावे आणि वेळेवर विश्रांती द्यावी. पहिलेच कर्तव्य शक्तीनुसार काम देण्याचे आहे, हे ध्यानात घ्या. अडीच हजार वर्षांपूर्वी जी गोष्ट सांगितली गेली, ती आजच्या करारात नाही. आळवी नगरीची कथाही आपण ऐकली असेल. एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून उपाशीपोटी धम्म ऐकावयास आला. भगवंतांनी त्यास आधी जेवू घालावयास सांगितले आणि मगच उपदेश केला. भुकेल्या, थकलेल्या देहास डावलून धम्म पुढे जात नाही.

बाबासाहेबांचा मार्गही हाच होता. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना त्यांनी, बाळंतपणाच्या आधी व नंतर कामकरी स्त्रीस विसावा मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, ही भूमिका मांडली. पुढल्याच वर्षी तो कायदा झाला. १९४२ ते १९४६ ह्या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ साली कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कामगाराचा एक तास वाचविणे म्हणजे त्याच्या आयुष्याचे वर्ष वाचविणे होय, हा ह्या कायद्यामागील अर्थ आहे. परंतु त्याचा लाभ कारखान्याच्या फाटकाच्या आतच थांबला. फाटकाबाहेर, फडापर्यंत, तो पोहोचावयाचा आहे.

शरीरकष्टाच्या कामाचे आयुष्य लहान असते, हे राज्यकर्त्यांस ठाऊक नाही असे म्हणता येणार नाही. सैन्याकडे पाहा. आपल्यापैकी अनेकांचे नातलग १९४१ साली उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटमध्ये होते. २०२२ च्या अग्निपथ योजनेपूर्वी भरती झालेल्या शिपायास पंधरा वर्षांच्या सेवेवर निवृत्तिवेतनाचा हक्क होता, आणि तो ऐन उमेदीत घरी येई; त्यास साठ वर्षे पूर्ण करावी लागत नसत. सोव्हिएत रशियाने १९५६ च्या कायद्याने सर्वसाधारण पुरुष कामगारास ६० व्या वर्षी, परंतु खाणीत भूगर्भात काम करणाऱ्यास ५० व्या वर्षी निवृत्तिवेतन दिले. म्हणजे कामाच्या जडपणावरून निवृत्तीचे वय ठरविणे अशक्य नाही.

आणि मालक एक नसतो, म्हणून हे जमत नाही, ही सबबही टिकत नाही. ओझी वाहणाऱ्या हमालास तरी एक मालक कोठे होता? आज ह्या दुकानाचे पोते, उद्या त्या दुकानाचे. तरीही महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात हमाल पंचायतीचे बाबा आढाव ह्यांनी हमालांस संघटित केले. मंडळात हमालाचे नाव नोंदले जाते, मजुरीबरोबर मालकाकडून लेव्ही वसूल होते आणि तीतून त्याच्या नावे भविष्य निर्वाह निधी व उपदान जमा होते. पाठीवर पोते वाहणाऱ्यास जे मिळाले, ते डोक्यावर मोळी वाहणारीस का मिळू नये?

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नावाचे कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे. दर टन उसामागे कारखान्याने दहा रुपये व शासनाने तितकेच द्यावे, असा निर्णय झाला. आपण मघाचा हिशेब पुढे चालवू. तीनशे टनांवर वीस रुपयांप्रमाणे एका जोडीचे एका हंगामात सहा हजार होतात; वीस हंगामांत व्याज सोडून एक लक्ष वीस हजार. ही रक्कम मोठी नाही. परंतु ती त्या जोडीच्या, निम्मी पतीच्या व निम्मी पत्नीच्या, नावावर चढली पाहिजे. तसे झाले तर वीस हंगामांची सेवा लिहिलेली राहील. एकदा सेवा लिहिली गेली की निवृत्तिवेतन मागता येते. म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. निवृत्ती वयाने नव्हे, हंगामांनी मोजा. वीस हंगाम भरले की हक्क द्या. आणि प्रत्येक पावतीवर तोडणाऱ्याचे नाव घाला. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती संपाच्या व एकीच्या बळावर झाली. दर वाढला, हे चांगलेच झाले. पण वाढीव दराने तरुण हात विकले जातात. थकलेल्या हातांस त्यातून काही मिळत नाही. पुढील करारात हा मुद्दा असला पाहिजे. वंजारी, बंजारा, मराठा, धनगर, मातंग, बौद्ध ह्या सर्वांच्या कंबरा सारख्याच दुखतात. म्हणून ही मागणी सर्वांनी मिळून करावयाची आहे.

मागणी मान्य होईपर्यंत काय करावयाचे? निघण्यापूर्वी ग्रामसेवकाकडे नाव नोंदवून महामंडळाचे ओळखपत्र मागा, पतीचे वेगळे आणि पत्नीचे वेगळे. घरात एक वही ठेवा. कोणता हंगाम, कोणता कारखाना, किती उचल, किती टन, किती खाडे, हे शिकलेल्या मुलाकडून लिहून घ्या. ह्या वहीस तुमचे सेवापुस्तक समजा. अठरा वर्षांच्या आतील एकही मूल फडात नेऊ नका. गावातील हंगामी वसतिगृह आणि २०२१ साली मंजूर झालेली संत भगवानबाबा वसतिगृहे ह्यांसाठी आताच अर्ज करा, आणि वसतिगृह सुरू झाले नसेल तर ग्रामसभेत विचारा. धर्मांतर केले म्हणून मुलांच्या सवलती जातील, अशी भीती कोणी घातली तर तिला भीक घालू नका. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांचा दर्जा कायम आहे.

शेवटी जमिनीविषयी. थकलेल्या मजुरास दोन एकरांचा तुकडा हे सर्वांत खात्रीचे निवृत्तिवेतन आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तो ह्यासाठीच. त्यांच्या नावाच्या योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्धांतील भूमिहीन कुटुंबास चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तरतूद आहे. ह्याच जिल्ह्यातील दुकडेगावचे, पोतराजाच्या पोटी जन्मलेले अॅड. एकनाथ आवाड ह्यांनी मराठवाड्यात गायरान जमिनींचा लढा उभारला, आणि २००६ साली बौद्ध धम्म स्वीकारला. २०१५ साली ते निवर्तले. गायरानाची जमीन कसणाऱ्याच्या नावे झाली पाहिजे, ही त्यांची मागणी आपण पुढे न्यावयाची आहे.

उपासक-उपासिकांनो, दसरा जवळ आला आहे. आपल्यापैकी बहुतेकांना ह्याही वर्षी निघावे लागणार, हे मला ठाऊक आहे. उपाशी राहा पण जाऊ नका, असे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु जाताना मुलाचे दप्तर घरी राहू द्या आणि दप्तराबरोबर मूलही घरी राहू द्या. कोयता जर पुढल्या पिढीच्या हाती गेला नाही, तर आपली पंचेचाळिशी व्यर्थ गेली असे कोणास म्हणता येणार नाही.

नमो बुद्धाय. जय भीम.